तिसरा ठसा

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही तिघं खुशाल आहोत, तुम्ही सगळेही असाल. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हटलंय आणि तू दिवसातून चारदा गच्चीवर जातेस, हे मला तुझ्या धाकट्यानेच सांगितलं. उगाच शूरपणा करू नकोस.

फोन का नाही केला म्हणशील. दोन खोल्यांचं घर आमचं. ज्याच्याबद्दल बोलायचंय तो पलीकडच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलाय. घड्याळजींचे कान कसे असतात तुला माहीत आहेच. काटा अडखळला तर त्यांना ऐकू येतं, मग बायको अडखळली तर येणार नाही?

तर ऐक. भिंगरीला दर शनिवारच्या एका क्लासला घातलंय. मुलांनी आणि पालकांनी मिळून चित्रं काढायची, माती मळायची, कागद कापायचे असा तो क्लास. आईने नाहीतर बाबाने मुलाबरोबर बसायचंच, सोडून जायचं नाही. माझा शनिवार कारखान्यात जातो, म्हणून हा नेतो. मला बरं वाटलं होतं खरं तर. एरवी पोरीला मांडीवर घेऊनही तो स्प्रिंगाच मोजत असतो.

आता घरभर पसारा झालाय. बटाटा कापून केलेल्या ठशांचे मासे, अंड्यांच्या ट्रेची लांबलचक अळी, पानं रंगवून दाबलेली. अळीला सोळा पाय आहेत आणि प्रत्येक पायात वेगळ्या रंगाचा बूट. फ्रिजचं दार दिसेनासं झालंय. हे सगळं छान. पण गेल्या शनिवारी दोघं एक मोठा कागद गुंडाळून घेऊन आले. त्यावर झाड होतं. खोड ब्रशने रंगवलेलं आणि पानं म्हणजे हातांचे ठसे. छोटे ठसे भिंगरीचे, मोठे बाबाचे. आणि ताई, तिसरेही ठसे होते. निळ्या रंगाचे, सहा.

मी सहज विचारलं, “हे कुणाचे गं?”

भिंगरीने बाबाकडे बघितलं. बाबाने खिडकीकडे बघितलं. मग तो म्हणाला, “क्लासमधल्या कुणाचा तरी हात लागला असेल. गर्दी असते.”

हात लागतो तेव्हा एकदा लागतो गं, सहादा नाही लागत. आणि फांदी बघून, बोटं पसरून तर नाहीच लागत.

तुला ठाऊक आहे माझं काम काय ते. चौदा वर्षं मी हातमोजे तपासते आहे. दिवसाला चारशे जोड्या. हात बघितला की माप सांगते, आणि मापावरून बरंचसं माणूस सांगते. सोमवारी कारखान्यातून सातच्या मापाचा एक नाकारलेला मोजा आणला आणि दोघं बाहेर गेल्यावर त्या ठशावर ठेवून पाहिला. चपखल बसला. म्हणजे बाईचा हात. तरुण नाही, अंगठ्याच्या सांध्याशी रंग जाड उमटलाय, तिथे हाड वाढलेलं असणार. उजवा हात. करंगळी जरा... ते जाऊ दे.

कुणीतरी बाई दर शनिवारी माझ्या नवऱ्याच्या आणि मुलीच्या मध्ये बसते, एवढं नक्की. भिंगरीला एकटीला गाठून विचारलं तर म्हणाली, “ते गुपित आहे, आई.” सहा वर्षांच्या पोरीने हे सांगताना ओठ असे घट्ट मिटून घेतले की मला तिची भीतीच वाटली.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तू मोठी आहेस, तूच सांग काय करू. थेट विचारू की गप्प राहून बघत राहू?

तुझी,
धाकटी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं. नेहमी तू दोन्ही बाजू भरून समासातसुद्धा आडवं लिहितेस, शेजारणीच्या मांजराला पिल्लं किती झाली तेही लिहितेस. या वेळी मांजर नाही, गुडघा नाही, फक्त “संशय सोड, घड्याळजी तसा माणूस नाही.” तसा म्हणजे कसा?

आणि पुढे लिहिलंयस, “लायब्ररीच्या माडीवर वीस माणसांसमोर कुणी काय भानगड करणार आहे?”

ताई, मी माझं पत्र चारदा आठवून पाहिलं. क्लास लायब्ररीच्या माडीवर आहे हे मी लिहिलं नव्हतं. मग तुला कुठून कळलं? कदाचित भिंगरीने फोनवर सांगितलं असेल. कदाचित. ती तुझ्याशी फोनवर मुख्यतः दात पडल्याचं बोलते. पण असेल.

इथलं सांगते. भिंगरीचं शनिवारी सकाळी पोट दुखतं. शुक्रवारपर्यंत नाचत असते, शनिवारी उठल्यावर पोट धरून बसते. क्लासला जायचं नाही का विचारलं तर म्हणते, “जायचंय, जायचंय!” आणि जाते. आल्यावर पोट बरं. अंगठ्याचं नख मात्र पार कुरतडून ठेवलंय.

मागच्या आठवड्यात जुन्या मोज्याची बाहुली आली. डोळ्यांना बटणं शिवलेली. मी उलटी करून गाठ बघितली. दुहेरी फेरा, मग आतून ओढून घेतलेली. घड्याळजीला सुईत दोरा ओवता येतो, तो कारागीरच आहे, पण असली गाठ त्याच्या हाताची नाही. माझीही नाही. कुणीतरी बाई आमच्या पोरीच्या बाहुल्या शिवतेय आणि मी रोज त्या जेवणाच्या टेबलावरून उचलून ठेवतेय.

परवाची गोष्ट सांगायची की नाही याचा विचार करत होते. सांगते.

रविवारी दुपारी भिंगरी एकटीच रंग घेऊन बसली होती. कागदाची ताटली होती. तिने एक वाटी पालथी घातली, वर ताटली ठेवली, डाव्या हाताने ताटली हळूहळू फिरवायला लागली. उजव्या हातातला ब्रश एका जागी धरलेला, जराही हलत नव्हता. ताटलीच्या काठाला निळी रेघ उमटत गेली, सगळीकडे सारखी, आणि जिथून निघाली तिथेच येऊन जुळली.

मी दारात उभी होते. मला बघून ती हसली आणि म्हणाली, “ब्रश हलवायचा नाही, आई. ताटली फिरवायची. मग रेघ आपोआप येते.”

“कुणी शिकवलं तुला?”

तिने हात तोंडावर ठेवला. रंगाचाच हात, सगळं तोंड निळं झालं.

मी ती ताटली उचलली, मधोमध मोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंगरी रडली नाही, डब्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. घड्याळजी बाहेर आला, त्याने डब्यात बघितलं. ताटली बाहेर काढून पुसली आणि त्याच्या कामाच्या टेबलावर नेऊन ठेवली. एरवी भांडला असता गं. तो भांडला नाही, याचा अर्थ काय होतो ते तूही जाणतेस.

ही बाई कोण, मला माहीत नाही. मी तिला ओळखत नाही. ओळखायची इच्छाही नाही. पण येत्या शनिवारी मी रजा टाकली आहे. घरी सांगितलेलं नाही. डबा घेऊन नेहमीसारखी निघेन आणि क्लासला जाईन. हे तुला कळवतेय, आणि तू हे कुणाला कळवतेस का तेही मला कळेलच.

धाकटी


रविवार, २ मार्च

ताई,

नमस्कार-चमत्कार आज नाही.

काल गेले. लायब्ररीच्या बाजूने जिना आहे, अरुंद, वर काचेचं दार. दाराला मुलांनी कागदाची फुलं चिकटवलीत, त्यामुळे आतून बाहेरचं नीट दिसत नाही, पण दोन फुलांमधून बाहेरच्याला आतलं दिसतं. दारावर हाताने लिहिलेली पाटी आहे: ‘मोठ्यांसाठी नियम. मुलाच्या हातातला ब्रश घ्यायचा नाही. मुलाचं चित्र सुधारायचं नाही. कंटाळा आला तर तोंडावर दाखवायचा नाही.’ एरवी मी हसले असते.

आत जमिनीवर लांब लांब कागद अंथरले होते. मुलांनी कागदावर उताणं झोपायचं आणि मोठ्यांनी त्यांच्या कडेने खडू फिरवायचा, अख्ख्या मुलाची आकृती काढायची, मग दोघांनी मिळून ती रंगवायची. खोलीभर पोरं हातपाय पसरून पडलेली. एक लठ्ठ गृहस्थ रांगत रांगत आपल्या मुलाच्या भोवती फिरत होते. त्यांना उठता येईना तेव्हा मुलगाच उठून त्यांना ओढायला लागला, आणि काढलेली आकृती एकीकडे, मुलगा एकीकडे. सगळे हसत होते.

आमचा घड्याळजी भिंतीला टेकून बसला होता. भिंगरी कागदावर. आणि तिच्याशेजारी ती गुडघ्यांवर बसली होती. एक हात जमिनीला टेकून, दुसऱ्या हातात खडू. केस सगळे पांढरे झालेत. ती डोक्यापासून निघाली, कानावरून आली, खांद्यावरून उतरली. काखेशी आली तेव्हा भिंगरी खिदळली.

“आजी, गुदगुल्या!”

काचेतूनसुद्धा ऐकू आलं मला ते.

ती थांबली. भिंगरीचं हसू ओसरेपर्यंत खडू तसाच धरून थांबली. मग पुढे गेली. एकेका बोटाच्या कडेने इतकं हळू काढत होती, पूर्वी कामावर चिनीमातीच्या कपांना किनार काढायची तसं.

तेवढ्यात क्लासच्या बाई रंगाची बादली घेऊन बाहेर आल्या. पिकल्या केसांच्या, कमरेला कापडी पिशवी. मला बघून म्हणाल्या, “आत या ना, उशीर झाला म्हणून काही नाही. तुम्ही कुणाच्या पालक?”

मी म्हणाले, “मी चुकून आले.” आणि जिना उतरले. खाली वाचनाच्या खोलीत एका खुर्चीवर बसले, समोर वर्तमानपत्र उलटं धरून. मला ऐकू येत होतं ते वेगळंच वाक्य. माझं स्वतःचं.

तू तिथे होतीस, ताई. माझ्या लग्नात हॉलच्या दाराशी ती उभी होती. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातात होतं. वीस वर्षांत दोनदा दिसलेली बाई. दाराशी होते ते पाहुणे बघत होते, पण तिला ओळखत कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर गेले आणि पाहुण्यांना विचारतात तसं, हसून विचारलं, “तुम्ही कुणाकडच्या?”

ती म्हणाली, “कुणाकडची नाही,” आणि ते गुंडाळलेलं खुर्चीवर ठेवून गेली. मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलेय की ती लग्नाला आलीच नाही. घड्याळजीलाही तेच सांगितलं. तू मला कधी खोटं पाडलं नाहीस. तेव्हा मला वाटायचं तू माझ्या बाजूची आहेस.

आता खरं सांगते. पहिल्याच दिवशी, त्या झाडावर, मला कळलं होतं. करंगळी आतल्या बाजूला वाकलेली. मोजा ठेवायची काही गरज नव्हती. चौदा वर्षांत लाखो हात बघितले असतील, तशी करंगळी एकच. माझी वेणी घालताना ती करंगळी मानेला टोचायची. तरी मी मोजा आणला, माप घेतलं, तुला पत्र लिहिलं, नवऱ्याचे खिसे तपासले, त्याच्या शर्टाचा वास घेतला. त्याची कुणीतरी असती तर मला चाललं असतं, ताई. रडले असते, भांडले असते, चार माणसांनी मला बिचारी म्हटलं असतं. ते सगळं कसं करायचं ते माहीत तरी असतं. हिचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

काल दुपारी भिंगरीला शेजारी खेळायला पाठवलं आणि घड्याळजीला समोर बसवलं.

म्हटलं, “मी आज तिथे होते.”

तो म्हणाला, “बाईंनी सांगितलं, कुणी तरी दारातून परत गेलं. तूच असणार असं वाटलं.”

“कधीपासून?”

“नोव्हेंबरपासून. ताईंनी इथे मागच्या गल्लीत खोली बघून दिली. मला म्हणाल्या, त्यांना एकदा भेटा. भेटलो. भिंगरी विचारत होती ना, सगळ्यांना दोन आज्या, मला एकच का?”

“मला विचारायचं होतंस.”

“नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे माझा नकार आहे हे तुला माहीत होतं. माहीत असून केलंस.”

त्याने टेबलावरचं भिंग उचलून पुसायला घेतलं. तो खोटं बोलत नाही, फक्त गप्प बसतो, आणि इतके दिवस मला तो फरक मोठा वाटायचा. मी म्हटलं, “तुम्ही तिघांनी मिळून सहा वर्षांच्या पोरीला आईपासून गुपित ठेवायला शिकवलंत. तिचं पोट का दुखतं दर शनिवारी, कळलं का?” तेव्हा तो हलला. मग म्हणाला, “ही चूक माझी. ताईंची नाही, त्यांची नाही. माझी.” संध्याकाळी भिंगरीला जवळ घेऊन त्याने सांगितलं की आता गुपित संपलं. पोरगी आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खरंच संपलं का, हे ती माझ्याकडून वाचत होती. मी मान हलवली. मग तिने सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. आजीला तिखट चालत नाही, आजीच्या खोलीत एकच खुर्ची आहे, आजी माशांचे डोळे आधी काढते आणि मासा नंतर.

आता तुझ्याशी. तू किती वर्षं भेटतेयस तिला? माझ्या लग्नानंतर लगेच की त्याच्याही आधीपासून? मी तुझ्याकडे सुट्टीला यायचे तेव्हा ती कुठे असायची, शेजारच्या खोलीत? असले प्रश्न आता डोक्यात येतात. तुझी जुनी पत्रं काढून बसलेय, प्रत्येक ओळीखाली दुसरी ओळ दिसते. “या आठवड्यात पाहुणे होते,” असं लिहिलंयस एके ठिकाणी. कोण पाहुणे? तू तेरा वर्षांची होतीस ती गेली तेव्हा. माझा डबा तू भरायचीस, माझ्या केसांतला गुंता तू काढायचीस. तुलाच सगळ्यात जास्त राग यायला हवा होता. तो कुठे ठेवलास? मला खरंच विचारायचंय.

तिचा पत्ता पाठव. घड्याळजीकडे आहे, पण मला तो तुझ्या अक्षरात हवाय.

तुझी धाकटी


सोमवार, १० मार्च

आई,

हा शब्द लिहायला सकाळपासून तीन कागद गेले. शाळेत एकदा बाईंनी ‘सहलीहून आईस पत्र’ लिहायला सांगितलं होतं. मी ‘शेजारच्या काकूंस’ असं लिहून दिलं. बाईंनी मार्क पूर्ण दिले आणि डोक्यावरून हात फिरवला. मला मार्क कापलेले चालले असते. तेव्हा मायना कसा लिहायचा याचा मला सराव नाही, समजून घे. मी ठीक आहे. तू ठीक असावीस.

ताईचं पत्र आलं. पुढून-मागून भरून, समासातसुद्धा. माझ्या प्रश्नाला उत्तर दिलंय तिने. राग कुठे ठेवलास विचारलं होतं, तर म्हणते, “ठेवला नाही, सहा-सात वर्षं तिच्या तोंडावर बोलून संपवला.” तुम्ही दोघी दर भेटीत भांडत होतात म्हणे. मला वाटायचं तुम्ही माझ्यामागे गोडीगुलाबीने बसता. भांडत होतात हे कळल्यावर का कोण जाणे जरा बरं वाटलं.

परवाच्या शनिवारी तू क्लासला आली नाहीस. घड्याळजीने तुला येऊ नका म्हणून सांगितलं असावं. मी भिंगरीबरोबर गेले होते. पुन्हा रजा टाकली. मुकादम म्हणाल्या, “काय गं, चौदा वर्षांत रजा नाही आणि आता दर शनिवारी? डॉक्टर की वकील?” म्हटलं, “चित्रकला.” त्यांना अजून वाटतंय मी काहीतरी लपवतेय.

क्लासच्या बाईंनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी समोरासमोर बसून एकमेकांचं चित्र काढायचं होतं. अट अशी की कागदाकडे बघायचं नाही, फक्त समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि हात चालवायचा. मी भिंगरीचं नाक काढलं ते कानाच्या पलीकडे गेलं. मी हळूच खाली बघून रेघ दुरुस्त करायला गेले तर बाई मागून म्हणाल्या, “मोठ्यांची चोरी लगेच पकडली जाते इथे.” भिंगरी इतकी हसली की तिचा खडू तुटला.

आई, मी तिच्या तोंडाकडे इतका वेळ कधीच बघितलं नव्हतं. जेवताना बघते, आजारी असली की बघते, खोटं बोलतेय का हे बघायला बघते. नुसतं, काही न शोधता बघितलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. तुला माहीत असणार.

मग आम्ही कागद उलटे केले. तिने काढलेली मी. केस वादळात सापडल्यासारखे, तोंड एका बाजूला, आणि दोन्ही बुबुळं अगदी कोपऱ्यात जाऊन बसलेली.

मी विचारलं, “डोळे असे का गं काढलेस?”

ती म्हणाली, “तू अशीच बघतेस ना. माझ्याशी बोलतेस आणि दाराकडे बघतेस.”

“कधी?”

“नेहमी. कुणी येतंय का ते.”

काही वेळाने तिने विचारलं, “आजी आता येणार नाही का?” मी म्हटलं, “विचारते.” म्हणून हे पत्र.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही ठाऊक नाही. तू का गेलीस याची चार कारणं ताईने लिहिलीत: दूरच्या कारखान्यात कपबशा रंगवायचं मोठं काम मिळालं होतं, बाबांशी पटत नव्हतं, आधी जम बसवून मग आम्हाला न्यायचं होतं, आणि मग लाज वाटायला लागली. चारही खरी असतील. मला पटलेलं एकही नाही. अजूनही रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच येतो की ही आता पोरीला लळा लावेल आणि एक दिवस खोलीला कुलूप दिसेल. मी परवा मुद्दाम मागच्या गल्लीतून गेले. तुझ्या खिडकीत कपडे वाळत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हाही होते. ही माझी अवस्था आहे.

माझी चूक मी लिहून टाकते. लग्नाच्या दिवशी जे बोलले ते ठरवून बोलले होते. आधी दोन दिवस आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. तुला कुणाकडून तरी कळलंय, तू येशील, असं ताई म्हणाली होती. तू आली नसतीस तर मला जास्त राग आला असता, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. त्या बोलण्याची मला लाज वाटते. पोरीची ताटली मोडली त्याचीही.

आता मुद्द्याचं. शनिवारी, पंधरा तारखेला, क्लासला ये. मी आणि भिंगरी असू. घड्याळजी घरी थांबेल, त्याची शिक्षा अजून संपलेली नाही. कुणी कुणाशी काय बोलायचं हे मला माहीत नाही, पण तिथे हाताला काम असतं, त्यामुळे निभेल.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे, कारण ती ताईलाही माहीत नाही. तू गेलीस तो गुरुवार होता. मी सात वर्षांची, भिंगरीपेक्षा जेमतेम सहा महिन्यांनी मोठी. ताई शाळेत होती, मी तापामुळे घरी होते. तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, “शनिवारी येते.” कुठल्या शनिवारी ते मी विचारलं नाही. मग मला सगळेच शनिवार धरावे लागले. खिडकीत बसायचे, ताईला सांगायचे की समोरच्या घरातलं कुत्रं बघतेय. कधी बंद केलं ते आठवत नाही. बंद केलं का, तेही नाही.

म्हणून भिंगरीला ‘येते’ असं नुसतं म्हणू नकोस. तारीख सांगून म्हण. त्या तारखेला जमणार नसेल तर स्वतः येऊन तिच्या तोंडावर सांग की जमणार नाही. ती रडेल, पाय आपटेल, आणि मग खेळायला जाईल. कळत नसलं की पोरं खेळायला जात नाहीत, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. आलीस तर तेच उत्तर. साडेदहाला सुरू होतं. जिना अरुंद आहे, मध्ये थांबून चढ. मी दाराकडे पाठ करून बसणार आहे, मुद्दाम, कारण वळून वळून बघायचं नाही असं ठरवलंय आणि माझा माझ्यावर भरवसा नाही.

आलीस की हाक मार.

धाकटी